घरी केलेले अकूस्टिक पॅनेल आणि आग: फोम ठेवू की काढू?

कासारवडवलीकर (धागाकर्ता), शुक्रवार रात्री

मंडळी, जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. लॉकडाऊनपासून आवाज द्यायची कामं घरूनच करतो. ऑडिओबुकं, जाहिराती, मधूनच एखाद्या कंपनीचा ट्रेनिंग व्हिडिओ. त्यासाठी आतली १० बाय ११ ची खोली अडवली आहे. खोली घुमायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन पिरॅमिडवाला काळा फोम मागवला, फूटभराचे ४८ तुकडे. उरलेल्या भिंतीला गादीवाल्याकडून आणलेला अंड्याच्या ट्रेसारखा खड्ड्याखड्ड्यांचा फोम. सगळं रबर सोल्युशनने थेट रंगावर चिकटवलं. छतालाही बारा तुकडे. बायको म्हणते, खोलीला केस आलेत.

गेल्या महिन्यात आईने घरभर उदबत्ती फिरवली आणि त्या खोलीत वळताना ती भिंतीला टेकली. पेट घेतला नाही. पण टेकली तिथे रुपयाएवढं भोक पडलं, कडा तपकिरी आणि चिकट, आणि असा वास की आई दाराबाहेर येऊन बसली. मला त्या भोकाने झोप लागू दिली नाही.

रविवारी पहाटे, वारा नसताना, गच्चीवर गेलो. बादलीभर पाणी, स्टीलचं जुनं ताट, सांडशी, गॅसचा लांब लायटर. आधी गादीवाल्याचा तुकडा. तीन मोजेपर्यंत ज्योत वरच्या टोकाला. जळते थेंब ताटात पडत होते आणि ताटात पडल्यावरही जळत होते. हातभर तुकड्याचा धूर पाण्याच्या टाकीच्या वर गेला, काळा कुळकुळीत. मग पाकिटावर 'फायर रिटार्डंट' छापलेला पिरॅमिड. आडवा धरून लायटर लावला आणि काढला, तर विझला. बरं वाटलं. मग तोच तुकडा उभा धरला आणि खालून दहा-बारा सेकंद ज्योत दिली, तर तोही पेटला.

आता सांगा, सगळं उपटू का? आणि उपटलं तर लावू काय? पुढच्या महिन्यात सोसायटीचं फायर ऑडिट आहे, पण सेक्रेटरी म्हणतात, घरात शिरून कोण बघतंय.

---

धातीधागे, शुक्रवार रात्री

आधी आवाजाचं बोलतो, आगीचं जाणकार बोलतील.

कोपरीला घरी तबल्याचा क्लास घेतो, त्यामुळे हे सगळे प्रयोग करून चुकलोय. एक-दोन इंची फोम फक्त वरचे सूर खातो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३.४ मीटर, तिचा पाव भाग म्हणजे ८५ सेंटिमीटर. तिला एक इंचाचा फोम काय अडवणार? चाटीची टणक किनार मरते, डग्ग्याची घुमारी तशीच राहते. पुरुषाच्या आवाजाचा पायाही १००-१५० च्या आसपास असतो. म्हणून फोमच्या खोलीतलं रेकॉर्डिंग डब्यात बसून बोलल्यासारखं लागतं. शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज तर फोमने अजिबात थांबत नाही. तो वेगळा विषय, तिथे वजन लागतं.

थोडक्यात, ज्या कामासाठी लावलाय ते काम तो धड करत नाही. माझं मत, उपटा.

---

तिरकस, शनिवार सकाळी

उगाच घाबरवताय एकमेकांना. घरात सोफा कशाचा आहे? गादी? उशी? तोच पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. मग सोफाही गच्चीवर नेऊन पेटवायचा का? दोन वर्षांत काही झालं नाही ना? आणि तुमच्या त्या खोलीत आहे काय पेटायला, माइक आणि लॅपटॉप.

---

जिना वापरा, शनिवार सकाळी

तिरकस, प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. तीस वर्षं अग्निशमन दलात काढली, आता नवी मुंबईत निवृत्त आहे.

सोफ्याचा फोम आडवा असतो, कापडाखाली असतो आणि जमिनीलगत असतो. तोही जळतो, आणि वाईट जळतो. पण भिंतीवरचा फोम उघडा आणि उभा असतो. ज्योत वर जाताना पुढचा फोम आधीच तापवत जाते, त्यामुळे आग चढत नाही, धावते. खड्डे आणि पिरॅमिड यामुळे हवेला उघडा पृष्ठभाग वाढतो. छताला फोम असेल तर तापलेला धूर आधी तिथेच साठतो, म्हणजे छत पेटायला ज्योत पोचायचीही गरज उरत नाही. वरून जळते थेंब खाली गादीवर, वायरींवर, डोक्यावर. थेंब तुम्ही ताटात पाहिलेच आहेत.

आणि माणूस बहुतेक वेळा ज्वाळेने मरत नाही, धुराने मरतो. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड तर येतोच, शिवाय हायड्रोजन सायनाइड येतो. बंद खोलीत, दार लावून, कानावर हेडफोन असताना, हे कळेपर्यंत उठायची ताकद गेलेली असते.

२० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबात हेच झालं. स्टेजमागच्या भिंतीला आवाजासाठी पीयू फोम लावला होता, बँडच्या आतषबाजीची ठिणगी पडली. १०० माणसं गेली. त्यांच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेने नंतर स्टेजचा तो भाग उभारून जाळून पाहिला. सुमारे ९० सेकंदांत आत जगणं अशक्य झालं. तोच प्रयोग स्प्रिंकलर लावून केला तेव्हा पाच मिनिटांहून जास्त वेळ मिळाला. पुढे २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलमध्ये सांता मारियाच्या 'किस' क्लबात छताचा फोम पेटला, २४२ मृत्यू. ३० ऑक्टोबर २०१५ ला बुखारेस्टच्या 'कोलेक्टिव्ह'मध्ये पुन्हा खांबावरचा फोम आणि पुन्हा आतषबाजी, ६४. तीन देश, तीन भाषा, भिंतीवर तीच वस्तू.

तुमच्या घरी आतषबाजी होत नाही हे मान्य. पण एक्स्टेंशन बोर्डाचं ढिलं सॉकेट, फुगलेली लिथियम बॅटरी आणि उदबत्ती तर आहे.

---

कासारवडवलीकर, शनिवार सकाळी

काका, हेडफोनचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. मी रात्री अकरानंतर रेकॉर्ड करतो, तेव्हा बाहेरचा ट्रॅफिक कमी असतो. दार आतून बंद, हेडफोन कानाला. आणि एक्स्टेंशन बोर्ड फोमला टेकूनच आहे, वर एलईडीची पट्टी फोमवरच चिकटवली आहे.

पाकिटावरच्या 'फायर रिटार्डंट'चं मग काय समजायचं? विक्रेत्याने 'यूएल ९४ एचएफ-१' असंही लिहिलं आहे.

---

टीटीसीवाला, शनिवार दुपारी

हे माझ्या रोजच्या कामातलं. महापे-तुर्भे पट्ट्यात इन्सुलेशनचं काम करतो (बॉयलर, डक्ट, कोल्ड रूम).

यूएल ९४ म्हणजे प्लास्टिक कसं जळतं ते तपासायचं अमेरिकी मानक. त्याची ती चाचणी १५० मिलिमीटर लांब, ५० मिलिमीटर रुंद एवढ्याशा पट्टीवर होते. पट्टी जाळीवर आडवी ठेवतात, एका टोकाला मिनिटभर ज्योत देतात. तुम्ही गच्चीवर पहिल्यांदा जे केलंत जवळपास तेच. त्यात पास झालेला फोम दहा फूट उंच भिंतीवर कसा वागेल, हे ती चाचणी सांगतच नाही, सांगायचा तिचा दावाही नाही. यंत्राच्या आत बसणाऱ्या फोमसाठी ती आहे. भिंतीच्या मालासाठी एएसटीएम ई८४ (अमेरिकी चाचणी) किंवा बीएस ४७६ भाग ७ (ब्रिटिश) चा अहवाल मागायचा. ई८४ मध्ये २४ फूट लांब नमुना बोगद्यात दहा मिनिटं जाळतात. 'क्लास ए' म्हणजे ज्योत पसरण्याचा आकडा २५ पर्यंत आणि धुराचा ४५० पर्यंत. अहवाल मागितला की ऑनलाइनवाले 'सर, कंपनीशी बोलून कळवतो' म्हणतात आणि गायब होतात, हा स्वानुभव.

---

जिना वापरा, शनिवार दुपारी

भर घालतो. त्या बोगद्यातही नमुना छताला असतो आणि काही फोम वितळून खाली गळून पडतो, म्हणजे ज्योतीसमोर जळायला उरतच नाही आणि आकडा छान येतो. १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम उद्योगाविरुद्ध तक्रार केली ती 'आपोआप विझणारा', 'न जळणारा' असल्या शब्दांवरूनच. छोट्या चाचणीवरून मोठी ग्वाही द्यायची हा रोग पन्नास वर्षं जुना आहे.

तुमच्या गच्चीवरच्या चाचणीबद्दलही तेच. तिने एखादा माल नापास करता येतो, पास करता येत नाही. आणि इतरांनी हे वाचून घरात करू नये. बाल्कनीत तर नाहीच.

---

सुगरण नेरूळ, शनिवार दुपारी

माझ्या भाच्याने खरोखरचे अंड्याचे ट्रे लावलेत, पुठ्ठ्याचे. अंडेवाल्या भैयाकडून आणले होते. त्यांचं काय? आणि मी म्हणते, घरातल्या जुन्या गोधड्या टांगल्या तर?

---

धातीधागे, शनिवार दुपारी

ताई, ट्रे फक्त झुरळांना आवडतात. आवाज जवळजवळ शोषत नाहीत, आणि तो कागदाचा लगदा, म्हणजे सुकं सरपणच.

गोधडी आवाजाला फोमपेक्षा बरी, खरंच सांगतो. चार पदरी गोधडी भिंतीपासून वीतभर लांब दोरीवर टाकली की चांगला फरक पडतो.

---

जिना वापरा, शनिवार दुपारी

गोधडीतल्या कापसाची खोड वेगळी. तो भडकत नाही, धुमसतो. विझला असं वाटतं आणि दोन तासांनी पुन्हा पेटतो. पण काम झालं की घडी करून कपाटात जाते हा तिचा मोठा गुण. बोर्डापासून आणि देवघरापासून लांब टांगा.

---

खाडीकाठची, शनिवार संध्याकाळी

सीवूड्सला इंटिरियरची कामं करते. हल्ली क्लायंट पीईटीचे पॅनेल मागतात, बाटल्यांच्या प्लास्टिकपासून दाबून केलेले, नऊ किंवा बारा मिलिमीटरचे. दिसायला सुरेख, खाज नाही, धूळ नाही, चांगल्या कंपन्या आगीचा अहवालही देतात. उघड्या फोमपेक्षा शंभर पटीने बरे. पण धातीधागेंचा न्याय लावला तर इतक्या पातळ पॅनेलने खर्ज काही कमी होत नाही, मागे हवेची पोकळी सोडली तरच थोडा फरक.

माझा खरा मुद्दा चिकटवण्याचा. सुतार रबर सोल्युशन ओततात. त्याची वाफ पेट घेते. खिडकी बंद, पंखा बंद, आणि बाजूला कोणीतरी बिडी किंवा ग्राइंडर. आमच्या एका साइटवर, नाव नको, कटरची ठिणगी उडाली आणि उघड्या डब्यावर निळी ज्योत नाचायला लागली. सुताराने प्रसंगावधान राखून डब्यावर प्लायचा तुकडा टाकला म्हणून निभावलं. तेव्हापासून पॅनेल स्क्रूने टांगायचं, चिकटवायचं नाही, हा माझा नियम. टांगलेलं काढताही येतं.

---

टीटीसीवाला, शनिवार रात्री

आता धागाकर्त्याच्या 'लावू काय'वर येतो. रॉकवूल. दगडाचा कापूस म्हणा. बेसॉल्टसारखा खडक भट्टीत वितळवून त्याचे धागे काढतात. सह्याद्री ज्याचा आहे तोच दगड. धागा वितळायला हजार अंशांच्या वर तापमान लागतं. स्लॅब मिळतो एक मीटर बाय ६०० मिलिमीटर, जाडी ५० किंवा ७५ किंवा १००, घनता ४८, ६४, ९६ किलो प्रति घनमीटर. आवाजासाठी ४८ किंवा ६४ घ्या, ९६ ची गरज नाही, उगाच जड. ५० चे दोन थर म्हणजे चार इंच, मागे दोन-चार इंच पोकळी. घोडबंदरच्या पावसात बाहेरच्या भिंतीला बुरशी धरते, तिथेही ती पोकळी कामाला येते.

आता गंमत ऐका. रॉकवूल जळत नाही म्हणून पॅनेल जळत नाही असं नाही. लोक धूळ उडू नये म्हणून स्लॅब पॉलिथिनमध्ये गुंडाळतात, वर पॉलिस्टरचं चकचकीत कापड, पातळ प्लायची चौकट. म्हणजे दगडाला तीन बाजूंनी सरपण. प्लास्टिक अजिबात नको. धूळ नको असेल तर ग्लास टिश्यू (काचेच्या धाग्यांचा पातळ पापुद्रा) लावलेला स्लॅब मागा. धागे धरून ठेवणारा राळेचा अंश जास्त तापल्यावर जळून थोडा वास आणि धूर देतो, पण तो टक्क्यांत मोजण्याइतकाच.

कापताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाज सुटली की थंड पाण्याने धुवा, चोळू नका. कॅन्सरची भीती घालणारे भेटतील. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २००२ च्या मोनोग्राफात इन्सुलेशनचं रॉकवूल आणि ग्लासवूल गट ३ मध्ये आहेत, म्हणजे कॅन्सर करतं असं वर्गीकरण करण्याजोगा पुरावा नाही. ॲस्बेस्टॉसशी गल्लत करू नका.

---

तिरकस, रविवार सकाळी

बरं, मान्य. मग कापड कुठलं?

(माझ्याकडेही एका खोलीत आठ तुकडे आहेत. हसू नका.)

---

खाडीकाठची, रविवार सकाळी

हसलेच! मूळचं अग्निरोधक पडद्याचं कापड मिळतं, धुतलं तरी गुण जात नाही. थेटर आणि हॉटेलवाले घेतात, तुकड्यातही मिळतं. त्याचा अहवाल मागा. स्वस्तात करायचं तर मांजरपाट घ्या आणि घरी प्रक्रिया करा. कापडातून फुंकून पाहा, हवा आरपार गेली पाहिजे, नाहीतर आवाज आत जाणारच नाही. सजावटीसाठी तागाचं गोणपाट लावतात ते मात्र नको. विरळ वीण आणि बाहेर आलेले तंतू, क्षणात पेटतं.

प्रक्रियेची जुनी रीत सांगते. टाकणखार आणि बोरिक ॲसिड, वजनाने सात भाग आणि तीन भाग. एक लिटर गरम पाण्याला साधारण १०० ग्रॅम टाकणखार, ४५ ग्रॅम बोरिक. टाकणखार काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, बोरिक म्हणजे कॅरमवर टाकायची ती पावडर, केमिस्टकडून शुद्ध घ्या. कापड आधी धुऊन खळ काढायची, मग बुडवायचं, न पिळता सावलीत सुकवायचं. हे सुती कापडावरच चालतं, पॉलिस्टरवर नाही. एकदा धुतलं की गुण गेला. आणि दोन्ही पावडरी मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात जाणं वाईट. हातमोजे घाला.

---

जिना वापरा, रविवार दुपारी

रीत बरोबर आहे. ती केली म्हणजे कापड जळणार नाही असं नव्हे, लहान ज्योतीने पटकन पेटणार नाही इतकंच.

कासारवडवलीकर, एक राहिलंच. चौदाव्या मजल्यावर आहात, तर खोलीत स्प्रिंकलर असेल. छताच्या बारा तुकड्यांच्या मधे तो कुठे आहे?

---

कासारवडवलीकर, रविवार दुपारी

काका... फोमला गोल भोक पाडून त्यातून बाहेर काढलाय. सुंदर दिसावं म्हणून. दोन इंची पिरॅमिडच्या मधे तो बुडालाय, टोक जेमतेम दिसतं. धुराचा डिटेक्टरही तिथेच आहे, त्याला पिशवी बांधली होती रंगकामाच्या वेळी. आत्ता स्टुलावर चढून पाहिलं. अजून बांधलेलीच.

---

जिना वापरा, रविवार दुपारी

पिशवी आत्ता काढा, मग प्रतिसाद लिहा.

स्प्रिंकलरच्या त्या तोटीत लाल काचेची नळी असेल, ती ६८ अंशाला फुटते. भोवती फोम असला की तापलेली हवा उशिरा पोचते आणि पाणी सुटलंच तर फवारा फोमवरच अडतो. खाली दीड फूट मोकळं हवं, पॅनेलही नको, कपाटही नको. छताला काही लावायचंच असेल तर तोटीपासून लांब. आणि खोलीचं दार, चौकट, दाराकडे जाणारी भिंत पॅनेलने झाकू नका. धुरात माणूस भिंत चाचपडत दार शोधतो.

सेक्रेटरींचं म्हणणं एका अर्थी खरं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी द्यायचा असतो, तो पंप, राइझर (मजल्यामजल्यावर पाणी नेणारा उभा पाइप), होज रील यांचा. तुमच्या खोलीत कोणी येत नाही. म्हणूनच पिशवी दोन वर्षं राहिली.

विझवण्याचा डबा घ्यायचा तर उपकरणांच्या खोलीला सीओ-टू बरा, पावडर माइक आणि मिक्सरची वाट लावते. ठेवायचा खोलीबाहेर, दाराजवळ. आग कमरेच्या वर गेली तर डब्याचा नाद सोडायचा. दार ओढून घ्या, सगळ्यांना उठवा, १०१ फिरवा, जिन्याने उतरा.

---

कासारवडवलीकर, तीन आठवड्यांनंतर

अपडेट देतोय.

फोम काढायला दोन रविवार गेले. सोल्युशनने धरलेलं ते सोडतं कुठे! फोम हाताने ओरबाडला की काळी साल भिंतीवरच राहते. रंगवाला म्हणाला थिनर ओतू, खाडीकाठची ताईंची निळी ज्योत आठवली आणि नको म्हटलं. खिडक्या उघडून पट्टीने खरवडलं. निम्मी पुट्टी सोबत आली. एका जागी प्लास्टरच.

रॉकवूलचे सहा पॅनेल केले, चार इंची, चौकट जाड पाइनच्या पट्टीची, मागून नुसती तार. कापड मांजरपाट, टाकणखार-बोरिकमधून काढलेलं. सुकल्यावर ते पापडासारखं कडक होतं हे कोणी बोललं नव्हतं, ताणून स्टेपल मारताना बोटं सोलली. उरलेल्या चिंधीची गच्चीवर परीक्षा घेतली, उभी धरून, खालून बारा सेकंद ज्योत. टोक काळं झालं, लायटर काढताच थांबलं. साधी चिंधी टोकापर्यंत राख. खर्च सहा पॅनेलना साडेपाच हजारांच्या आत, पुट्टी-रंगाचा वेगळा, त्याबद्दल घरात बोलणं चालू आहे.

एक्स्टेंशन बोर्ड बदलला, उघड्या भिंतीवर, सगळ्या पॅनेलपासून हातभर लांब. एलईडी पट्टी फेकली. छत कोरं. आणि आवाज खरंच उतरलाय, पहिल्यांदाच एका स्टुडिओने विचारलं की माइक बदललात का.

राहिला प्रश्न काढलेल्या फोमचा. चार मोठ्या गोण्या भरल्यात. भंगारवाला घेत नाही. सध्या आमच्या मजल्यावरच्या जिन्याजवळ, डक्टच्या दाराला लागून ठेवल्यात.

---

जिना वापरा, त्याच संध्याकाळी

जिन्यात??

---

कासारवडवलीकर, त्याच संध्याकाळी

उचलल्या काका. दोन फेऱ्यांत खाली. दुसऱ्या फेरीला लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले, गोणीकडे बघून म्हणाले, "गाद्या बदलल्यात वाटतं?"

---

तिरकस, त्याच रात्री

माझे आठ तुकडे कुठे टाकू तेही सांगा. आणि ते टाकणखार ठाण्यात नक्की कुठे मिळालं?